आगोट आणि शेरूचं इंजेक्शन

कर्जत-खालापूर भागात फार्महाऊस वाढली तशी 'वीकएंडची कुत्री'ही वाढली. मालक शनिवारी येतात, लाड करतात, रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेला लागतात. बाकी आठवडा कुत्रं केअरटेकरच्या भरवशावर. जेवण मिळतं त्याला, पण लसीची तारीख कोणी लक्षात ठेवायची? ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर टास्क आहे, ओनर नाही :-)

कर्जतजवळ माझ्या मामाचं घर आहे. शेजारच्या बंगल्यातलं एक पिल्लू असंच त्याच्याकडे आलं. शेरू. सोबत लसींचं कार्ड, त्यावर एकच शिक्का. "झालंय की इंजेक्शन. आणि गावातली कुत्री काय लसी घेऊन जगतात?" इति मामा. अहो, जी जगतात तीच दिसतात ना!

एका शिक्क्याने भागत नाही, त्याचं कारण मला भारी वाटतं. आईच्या दुधातून पिल्लाला आयत्या अँटिबॉडीज मिळतात. त्या पार्व्हो, डिस्टेंपरपासून वाचवतात, पण लसही निकामी करतात. त्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचे, पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने बूस्टर. यावरून मात्र मी मामाशी चक्क भांडलो. त्याची चार वर्षांची नात दिवसभर शेरूच्या गळ्यात पडलेली असते, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, आणि २०२१ मध्ये ते राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. लस कुत्र्यांना, जीव वाचले माणसांचे.

आणि आपला पाऊस! खाचरात पाणी साचतं, त्यात उंदरांचं मूत मिसळतं, कुत्रं त्यातूनच हुंदडतं आणि तेच पितं. लेप्टोची लस साधारण वर्षभरच पुरते (आणि सगळ्या प्रकारच्या लेप्टोवर चालत नाही, हेही खरं), त्यामुळे ती मे महिन्यातच दिलेली बरी. शेजारी गोठा असेल तर गोचिडी आल्याच. गोचिडीच्या तापाने कुत्रं खाणं सोडतं, कधी नाकातून रक्त येतं. त्याचं औषध डॉक्टरांना विचारून, न चुकता.

मादी असेल तर नसबंदी करून घ्या, नाहीतर पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो. म्हातारपणी दात, वजन आणि वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी. मामाचा आधीचा मोत्या अकराव्या वर्षी खूप पाणी प्यायला लागला, तेव्हा घरात सगळे "उन्हाळा आहे" म्हणाले. रक्त तपासलं तोवर किडन्या गेल्या होत्या.

असो. अँटिबॉडीजनी मामा बधला नाही. मोत्याचं नाव काढल्यावर मात्र गप्प झाला. यंदा आगोटीची यादी त्याने फोनवर वाचून दाखवली: सुके बोंबील, मिरच्या, लाकडं, पडवीला प्लास्टिक, शेरूचं इंजेक्शन.