नाव कुणाचं?

आमची वेबसाइट बनवणारी कंपनी म्हणजे आम्ही चौघं आणि बडोद्यात रावपुऱ्यातल्या दोन खोल्या. गिऱ्हाइकं म्हणजे दवाखाने, क्लासेस, साड्यांची दुकानं. पहिल्या भेटीत प्रत्येकाचा प्रश्न एकच, "किती दिवसांत होईल?" मी सांगते, "तुम्ही मजकूर आणि फोटो दिल्यापासून तीन आठवडे." मजकूर येतो तीन महिन्यांनी, तोही व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांनी. त्याची सवय झाली आहे. सवय झाली नाही ती एका दिवाळीची.

दांडिया बाजारातल्या एक काकू फराळ करून विकतात. आईच्या ओळखीच्या. त्यांची साइट हे आमचं पहिल्या वर्षातलं काम. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घ्यायची वेळ आली तेव्हा काकूंकडे ना कार्ड, ना ई-मेल बघायची सवय. म्हटलं, कशाला त्यांना त्रास? माझ्याच नावावर, माझ्याच ई-मेलवर घेऊन टाकलं. आमच्या धंद्यात असं करणारे बरेच आहेत. काही सोयीसाठी करतात, काही गिऱ्हाईक सुटू नये म्हणून. मी पहिल्यांतली, असं आपलं मी स्वतःला सांगते.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतं. मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि नंतर आठवडाभर अगोदर आठवणीचे मेल येतात. ते आले, पण माझ्या जुन्या पत्त्यावर. तो मी उघडणंच सोडलं होतं. दिवाळीला बारा दिवस उरले असताना काकूंच्या भाचीचा न्यू जर्सीहून फोन, "मावशी, तुझी साइट उघडत नाहीये." साइट बंद, त्याच नावावरचा ऑर्डरचा ई-मेलही बंद. तीन दिवसांपासून.

नशीब इतकंच की डॉटकॉम नावाला मुदतीनंतरही बहुधा काही दिवसांची सवलत मिळते, जास्तीत जास्त 45 दिवसांची. ती संपली की पुढचे 30 दिवस भरमसाट पैसे मोजून नाव सोडवावं लागतं, आणि तेही गेले की ते कुणीही घ्यावं. मी लगेच पैसे भरले. संध्याकाळी साइट सुरू झाली.

"ताई, सर्व्हर डाउन होता म्हणून सांग," ऑफिसातला मुलगा म्हणाला. "त्यांना काय कळतंय?" खरंच कळलं नसतं. फोन हातात घेतलाही होता. मग तो ठेवला आणि स्कूटर काढली.

काकूंच्या चकल्या चालल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सोऱ्या हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे अगं, माझ्या दुकानाचं नाव तुझ्या नावावर आहे?"

रागानं नव्हे, समजून घ्यायला. मला "हो" म्हणायला वेळ लागला.

"आणि तीन दिवसांत किती ऑर्डरी आल्या असतील?"

"कळायला मार्ग नाही, काकू. पाठवणाऱ्यांचे मेल परत गेले असतील."

त्यांनी कढईतल्या चकल्या उलटल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर एका दुपारी डोमेन त्यांच्या नावावर केलं. ओटीपी त्यांच्याच फोनवर. निम्मा वेळ पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा यात गेला. त्या वर्षीचे देखभालीचे पैसे मी घेतले नाहीत, आणि काकूंनीही आग्रह केला नाही. मग जुनी यादी काढली, तर आणखी अकरा नावं माझ्या खात्यात! नऊ परत केली. दोघं म्हणतात, "राहू द्या तुमच्याकडेच." त्यांना मी दर वर्षी पुन्हा विचारते.

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आता एका तारखेभोवती लाल गोल असतो. त्याच्या आठवडाभर आधी मला फोन येतो, "अगं, मी भरले हं पैसे. तू बघ, नीट पोचले का."