आधी सोड, मग ये

अनिल अवचट यांचे ‘गर्द’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ कसे उभे राहिले, हेही ठाऊक असेल. इथे भोपाळात बसून ते वाचताना मात्र तो मुंबई-पुण्याचा प्रश्न वाटे. वास्तविक, परवान्याने अफू पिकविणारे मंदसौर आणि नीमच आपल्याच प्रांतातले!

गर्द पन्नीवर तापवून तिचा धूर ओढतात. काही जण पुढे सुईकडे वळतात. एकच सुई, एकच चमचा, कापसाचा एकच बोळा चौघांत फिरतो, आणि त्यांच्याबरोबर ‘हेपटायटिस सी’चा विषाणूही.

प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे परिचित मंडळी तपासणीचे कागद माझ्याकडे घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एक विधवा बाई आल्या. “ताई, ह्याला कधी कावीळ झाली नाही, मग हे कसे?” हा विषाणू वीस-वीस वर्षे गाजावाजा न करता यकृत पोखरतो, हे त्यांना कसे सांगावे? शिवाय तो कागद केवळ प्रतिपिंडांचा होता. प्रतिपिंडे आजार गेल्यावरही रक्तात राहतात. विषाणू आहे की नाही, हे आरएनए तपासणीच सांगते. ती केली. विषाणू होता.

डॉक्टरांनी मुलाला सांगितले, “आधी सोड, मग ये.” या वाक्याला एकेकाळी आधार होता. इंटरफेरॉनची इंजेक्शने कधी अठ्ठेचाळीस आठवडे घ्यावी लागत. ताप येई, मन खचे, आणि तरीही यशाची खात्री नसे. पुढे २०१३ साली सोफोसबुविर आले. अमेरिकेत एका गोळीची किंमत हजार डॉलर! २०१५पासून भारतीय कंपन्यांनी तेच औषध त्याच्या अल्पांश किमतीत दिले. बहुतेक रुग्णांना आता बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्प्लिफाय’ या अभ्यासात सात देशांतील १०३ जण होते, आणि सर्वांनी मागच्या सहा महिन्यांत सुई टोचून घेतलेली होती. त्यांतले ९४ टक्के बरे झाले. म्हणजे सुई सुटलेली नसताना! त्याच वर्षी २८ जुलैला आपल्या सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. मग दार कशासाठी लावायचे? एक जण बरा झाला, की त्याच्या सुईतून पुढे जाणारा विषाणूही थांबतो; हा हिशेब नीतिपाठापेक्षा मला अधिक पटतो.

बाईंचा खरा प्रश्न वेगळाच होता. उठता उठता त्यांनी हळूच विचारले, “त्याचे ताट-तांब्या मी वेगळे ठेवते. बरोबर ना?” वर्षभर तो मुलगा स्वयंपाकघराबाहेर जेवत होता. हा रोग रक्ताने जातो, ताटातून नव्हे. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा असावा, असे मी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. जोडीला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन चालू झाली. तिने गर्दची तलफ आवरते. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. मात्र एकदा बरे झाल्याने कायमचे संरक्षण मिळत नाही, आणि या रोगावर लसही नाही. त्यानंतर दोनदा त्याचा पाय घसरला. दोन्ही वेळा त्याने सुई नवी घेतली, असे तो सांगतो. त्याची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.