आत्याचं शेत कुठल्या राज्यात?

गेल्या शनिवारी कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांचा एक साधा नकाशा करायला बसलो. दोन्ही सीमा जिओजेसॉन फाईलींत होत्या. हा फॉरमॅट मला आवडतो. नोटपॅडमध्ये उघडला तरी वाचता येतो. सीमा म्हणजे नुसती आकड्यांच्या जोड्यांची माळ; पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहिला की माळ बंद! फक्त आधी रेखांश, मग अक्षांश. शाळेतली सवय उलटी, त्यामुळे पहिल्या फटक्यात माझं कोल्हापूर (अक्षांश १६.७०, रेखांश ७४.२४) नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलं. तांबडा रस्सा गोठला असणार :-)

असो. फाईली जड होत्या, म्हणून दोन्हींतले बरेचसे बिंदू गाळून टाकले आणि गंमत म्हणून आत्याचं शेत नकाशावर टाकलं. आत्या कोगनोळीला असते. कागल सोडून हायवेनं निपाणीकडे निघालं की कर्नाटकातलं पहिलंच गाव. शेत कुठल्याच जिल्ह्यात येईना! झूम केलं तर दोन जिल्ह्यांमध्ये बारीक पांढरी फट, आणि शेत नेमकं त्या फटीत.

झालं असं, की जिओजेसॉनला शेजार माहीतच नाही. कोल्हापूर आपली सीमा लिहितं, बेळगाव आपली. मधली रेषा एकच, पण लिहिली जाते दोनदा. मी दोन्ही फाईली वेगवेगळ्या बारीक केल्या, तेव्हा इकडचे वेगळे बिंदू गळाले, तिकडचे वेगळे. केएमएल आणि डब्ल्यूकेटीतही हीच रड. टोपोजेसॉनमध्ये मात्र सामाईक रेषा एकदाच लिहितात. दोन्ही जिल्हे तिचा फक्त नंबर सांगतात. उलट्या दिशेनं हवी असेल तर ऋण आकडा. मग बिंदू कितीही गाळा, फट पडतच नाही.

रात्री आत्याला फोनवर सांगितलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल झाला, वगैरे ज्ञानही पाजळलं. ती म्हणाली, "माझ्या जन्माच्या आधीपासनं चाललंय ते, मला काय सांगतोस?"

रविवारी दोन्ही सीमा टोपोजेसॉनमध्ये एकत्र केल्या, मग बिंदू गाळले. शेत बेळगाव जिल्ह्यात आलं. पुन्हा फोन केला.

"म्हंजे उतारा निपाणीलाच काढायचा न्हवं?" आत्या म्हणाली. "मग काल उगंच जिवाला घोर लावलास की रं."