शुभेच्छांपासून मागणीपर्यंत

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवरील समूह आता चांगलाच नांदता झाला आहे. पहाटे वंदना, त्यानंतर सुविचार, दुपारी कोणाच्या बढतीची वार्ता, रात्री कोणाच्या मुलाचा निकाल. आणि प्रत्येक वार्तेखाली जोडलेले हात व उंचावलेले अंगठे. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे हा सारा मजकूर एखाद्या जुन्या दप्तराप्रमाणे वाचतो. त्यात एक नोंद ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आढळते. कोणीतरी लिहितो, ‘आपण सर्वांनी मिळून एखादा व्यवसाय उभा केला पाहिजे.’ मग मसाल्याचा कारखाना, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, प्रवासी गाड्या अशा कल्पनांचा दोन दिवस पाऊस पडतो. तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी वाढदिवस उगवतो आणि कारखाना तेथेच राहतो.

हे मी उपहासाने लिहीत नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या बाजारात माल मांडण्याची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडांना आज पुणे, मुंबई, दुबई येथील चारशे माणसांपुढे एका क्षणात आपला माल ठेवता येतो, ही लहान गोष्ट नाही. मात्र माल पुढे ठेवणे आणि तो विकला जाणे यांच्यामध्ये जी वाट आहे, तिच्याविषयी आपल्या समूहात फारसे कोणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थिनीमुळे मला ती वाट जवळून पाहावयास मिळाली.

ती मूळची भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील, वरंधा घाटाकडील. आमची भोंगवली तालुक्याच्या पूर्वेला, कमी पावसाची. तिकडे मात्र पावसाळाभर डोंगर दिसत नाही, आणि भात हेच पीक. आता बहुतेक शेतकरी इंद्रायणी लावतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्याच संकरातून निघालेले ते वाण उताऱ्याला चांगले आहे. अस्सल आंबेमोहोर उतारा कमी देतो, वाऱ्यापावसाने लोळतो. म्हणून तो एखाद्या खाचरापुरता उरला आहे. तिच्या वडिलांनी तो टिकवून ठेवला होता. दरवर्षी सुगी सरली की व्यापारी येई, भात खळ्यावरच मोजून नेई आणि ठरवेल तो भाव देई. तिने समूहावर लिहिले, ‘या वर्षी भात व्यापाऱ्याला न देता तांदूळ करून आपल्या माणसांना द्यावा असे वाटते. घ्याल का?’

अंगठ्यांचा खच पडला. ‘ताई, खूप छान’, ‘अभिमान वाटतो’, ‘सोबत आहोत’. दुसऱ्या दिवशी तिचा मला दूरध्वनी आला. “सर, व्यापाऱ्याला नाही म्हणून टाकू का?”

हा प्रश्न साधा नव्हता. व्यापाऱ्याला एकदा परत पाठविले की पडत्या भावात त्याच्याच दारी जावे लागते, आणि घरात धाकट्या भावाची शुल्काची तारीख जवळ आली होती. मी तिला म्हणालो, “नाही म्हणू नकोस. आठ दिवसांची मुदत माग.”

त्या आठ दिवसांत मला जे उदाहरण सतत आठवत होते, ते कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे. शाहू महाराजांच्या पदरी चाकरीस असलेल्या गंगारामांना पाण्याच्या शिवाशिवीवरून बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे केले, स्वतंत्र धंदा कर म्हणून सांगितले आणि साहाय्य दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान उघडले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण गिऱ्हाईक येईना, कारण चहा करणारा अस्पृश्य होता. यावर महाराजांनी जाहीरनामा काढला नाही. ते त्या रस्त्याने जाताना आपली गाडी दुकानापुढे थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या प्रतिष्ठितांनाही पाजीत. पुढे त्यांनी गंगारामांना सोडावॉटर तयार करण्याचे यंत्रही दिले.

ही हकीकत आपण अस्पृश्यतानिवारणाच्या प्रकरणात शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती व्यापाराच्या प्रकरणातही शिकविण्याजोगी आहे. महाराजांजवळ त्या काळातले केवढे मोठे संबंधांचे जाळे होते! गंगारामांना शिफारसपत्र देऊन ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी गिऱ्हाईक होणे पत्करले. तेही लपून नव्हे, भर रस्त्यात, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पहिला पेला कौतुकाने पिता येतो, परंतु दुकान चालते ते दहाव्या आणि विसाव्या पेल्यावर. धंदा थोडा रुळल्यावर दिलेले यंत्र हे भांडवल होते. ते आधी दिले असते तर कदाचित गंजून गेले असते, असे आपले माझे मत.

महात्मा फुल्यांचे चरित्रही या दृष्टीने पुन्हा वाचावे. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’चे ते भागीदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामास त्यांनी सामान पुरविले होते. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या पाठीराख्यांत व्यंकू बाळूजी काळेवार, जाया कराडी लिंगू यांच्यासारखे मुंबईचे तेलुगू कंत्राटदार होते. विचाराने जोडलेली आणि व्यवहारात मुरलेली अशी ही माणसे होती. त्यांची देणगी त्यांच्या कंत्राटांतूनच येत होती.

तर आठ दिवसांचे सांगतो. मी समूहावर लिहिले की, अंगठ्यांची मोजणी आपण थांबवू. भाव अमुक, पिशवी पाच किलोची, तांदूळ अमुक तारखेस पुण्यात स्वारगेटला मिळेल. ज्याला हवा त्याने निम्मी रक्कम आज तिच्या खात्यावर पाठवावी. एक वही केली. समूहावर काही काळ विलक्षण शांतता पसरली. मग पहिली रक्कम आली ती शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या एका मुलाची, एका पिशवीची. मोठ्या हुद्द्यावरच्यांपैकी दोघांनी ‘विचारून सांगतो’ असे कळविले. ते अजून विचारीत असावेत. आठवड्याअखेर वहीत एकोणीस नावे होती. तिच्या एकूण भातापैकी जेमतेम तिसरा हिस्सा त्यांत खपणार होता. तिने तेवढाच ठेवला आणि उरलेला व्यापाऱ्याला मोजून दिला. भावाचे शुल्क वेळेवर भरले गेले.

त्यानंतरची कामे रुक्ष आहेत, पण ती कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. खाद्यपदार्थ बांधून विकावयाचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते; तिच्यासारख्या लहान विक्रेत्यास तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क पडले. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून आहे आणि ती विनाशुल्क होते. कोणी त्यासाठी पैसे मागितल्यास देऊ नयेत. ती का करावी? केंद्र सरकारच्या खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यांतील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असे धोरण आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्या ४ टक्क्यांसाठी दरपत्रक भरले आहे? व्हॉट्सअॅपचा व्यवसायासाठीचा वेगळा प्रकार २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात मालाची सूची, भाव व छायाचित्र एकदाच मांडून ठेवता येते, म्हणजे प्रत्येकाला नव्याने लिहावे लागत नाही. पैसे भ्रमणध्वनीवरून येतात. बाबासाहेबांच्या नावाची आठवण देणारे ‘भीम’ अॅप २०१६ च्या डिसेंबरात निघाले तेव्हा समूहात केवढा जल्लोष झाला होता. आता त्यातून तांदळाचे पैसे येतात, हे मला अधिक आवडते.

दुसऱ्या वर्षी एकोणिसांपैकी चौदा जणांनी पुन्हा मागणी केली. तेव्हा तिने समूहाबाहेर पाऊल टाकण्याचे ठरविले. पुण्यातील एका दुकानदाराने नमुना शिजवून पाहिला, वास घेतला, भावही मान्य केला. मग गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि नंतर त्याचे उत्तर आलेच नाही. तिने मला विचारले, “सर, पिशवीवर नुसते गावाचे नाव छापू का?”

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतले, त्यानंतर त्यांनी शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला सल्लागार! गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे ही वार्ता पसरली आणि ते येईनासे झाले. पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. त्याच ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. दार मिटणारे आणि पैसे मोजणारे, दोघेही एकाच वर्षातले.

हा इतिहास मी तिला सांगितला, निर्णय मात्र सांगितला नाही. तो मालाच्या धन्याने घ्यावयाचा असतो. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांच्या ज्या चेंबरची, म्हणजे ‘डिक्की’ची, स्थापना केली, तिच्यामागेही हाच अनुभव असावा असे मला वाटते. तेथे उद्योजक आपली ओळख न लपविता एकत्र येतात आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना समोरासमोर भेटतात. तिने पंधरा दिवस विचार केला. मग छापलेली पिशवी मला पाठविली. वर ‘आंबेमोहोर’, खाली तिचे संपूर्ण नाव, आडनावासह, आणि दूरध्वनी क्रमांक. त्या दुकानदाराकडे ती पुन्हा गेली नाही. कोथरूडच्या एका गृहसंकुलातील महिला आता थेट तिच्याकडून घेतात. त्यांच्यापैकी काहींनी आडनाव वाचले असेल, काहींनी नसेल.

एक दार आपल्याच हातात होते. या विद्यालयाच्या वसतिगृहात रोज दोन वेळा तांदूळ शिजतो. मी व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडला की, शाहू महाराजांच्या जयंतीला आपण भाषणे करतो, तर त्यांचा तो चहाचा पेला आपल्या स्वयंपाकघरात का असू नये? लेखापालांनी नियम दाखविला: तीन दरपत्रके. नियम योग्य होता. तिनेही इतरांप्रमाणे पाकिटात दर पाठविला. रोजच्या भातासाठी आंबेमोहोर परवडणार नाही हे उघडच होते, आणि इंद्रायणीत तिचा दर दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तो पुरवठा भोरच्या एका जुन्या विक्रेत्याकडे गेला. ती थोडी हिरमुसली, परंतु पुढच्या वेळी गिरणीची मजुरी कशी कमी करता येईल याचा हिशेब तिने त्याच बैठकीबाहेर बसून मांडला. समितीने बुद्ध पौर्णिमेच्या खिरीसाठी मात्र आंबेमोहोर घेण्याचे ठरविले. त्याला स्पर्धक नव्हता.

यंदाच्या पौर्णिमेला ती खीर मुलांनी खाल्ली. चाळीस किलोचे देयक, तिच्या पूर्ण नावाचे, विद्यालयाच्या खर्चाच्या धारिकेत लावलेले आहे. इंद्रायणीची नवी दरपत्रके दिवाळीनंतर मागविली जातील.