ओलीचा माग

पाणी शिरतं एका जागी आणि दिसतं दुसऱ्याच. आमच्या कॅरॅव्हॅनच्या पुढच्या खिडकीखाली, डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्या कागदावर तपकिरी डाग उमटला तेव्हा आल्यागेल्या प्रत्येकाने खिडकीच्या रबराकडे बोट दाखवलं. पाणी मात्र येत होतं बरंच वरून. बाजूची भिंत जिथे पुढच्या भिंतीला आणि छपराला मिळते, त्या सगळ्या कडेने ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. मुक्कामाला पोचल्यावर दारापुढच्या तंबूची कड याच खाचेत सरकवतात. पट्टीच्या खाली लांबीचा थर असतो. नवी असताना ही लांबी मऊ राहते, गाडी हलली तरी सांध्याबरोबर ताणली जाते. पण तिलाही वय असतं. ती टणक होते, भेगाळते आणि मग पट्टीचा एकेक स्क्रू पाण्याला आत जायची वाट होऊन बसतो. त्यात ताशी 60 मैलांनी भर पावसात गाडी चालली असेल, तर समोरचं पाणी नुसतं पडत नाही, दाबाने सांध्यात घुसतं. आत शिरलं की लाकडाच्या कडेकडेने उतरतं आणि पहिली आडवी पट्टी लागेल तिथे मुक्काम ठोकतं. डाग दिसतो तो त्या मुक्कामाचा.

मी राहते तो हल शहराभोवतीचा पूर्व यॉर्कशायरचा भाग म्हणजे इंग्लंडमधल्या कॅरॅव्हॅन कारखान्यांचं आगर. मोटारीमागे जोडून न्यायची ही दोन चाकांवरची खोली इथे इतकी सर्रास दिसते की उन्हाळ्यात निम्म्या गल्लीच्या दारात एकेक उभी असते. या हौसेची सुरुवात घोड्यांपासून झाली. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात महॉगनीची एक गाडी खास स्वतःच्या भटकंतीसाठी बांधून घेतली, तिचं नाव ‘वाँडरर’ ठेवलं आणि दोन घोडे जुंपून बर्कशायरहून थेट स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस गाठलं. भरल्यावर ती गाडी दोन टनांच्या घरात जायची. ती आजही जपून ठेवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, बर्मिंगहॅमच्या एक्लस कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन बनवायला घेतल्या, आणि तिथपासून या धंद्यातली सगळी अक्कल एकाच गोष्टीवर खर्च झाली: वजन कमी करा. साध्या कुटुंबाची साधी गाडी जे ओढू शकेल तेच खपणार होतं.

वजन कमी करायची ही युक्ती भिंत उघडली की समजते. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची प्लायवुड, तिच्यावर छापील कागद. मधे पॉलिस्टायरीनचे पांढरे तक्ते आणि त्यांच्या कडेने पाइनच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा. 1980 नंतर हे सगळे थर एकमेकांना चिकटवून एकजीव करायची पद्धत रुळली. एकेकटा थर हाताने वाकतो, चिकटवून झालेली भिंत मात्र वारा, खड्डे, वेग सगळं सहन करते. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्या कौशल्याबद्दल मला खरोखर आदर आहे. एका माणसाला ढकलता येईल अशा वजनात झोपायची जागा, स्वयंपाकघर आणि न्हाणी बसवणं ही सोपी गोष्ट नव्हे.

फक्त एक आहे, अशा भिंतीच्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

माझं लहानपण संगमेश्वर तालुक्यातल्या कौलारू घरात गेलं. तिथे दर वैशाखात घर शाकारायचे. गडी छपरावर चढायचे, नळे उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, वाशांवरून हात फिरवून वाळवी लागली आहे का बघायचे, कुजकी रीप बदलायचे आणि मग वळचणीपासून नळे चढवत आढ्यापर्यंत जायचे. आजी अंगणात उभी राहून सांगायची, “देवघरावरचा कोन बघ रे, गेल्या साली तिथे ठिबकत होतं.” छप्पर एकदाचं बांधून झालं, आता चिंता नाही, असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. आणि शाकारूनही आषाढात कुठे ठिबकलंच, तर ते माजघरात बसलेल्या सगळ्यांना दिसायचं. खाली पातेलं यायचं, उघडीप मिळाली की आतूनच बांबूने नळा जागेवर सरकवला जायचा. वासे उघडे, रिपा उघड्या. भिजलेलं लाकूड चुलीच्या धुराने आणि फटींतल्या वाऱ्याने वाळून जायचं. कोकणात तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, इंग्लंडच्या या पूर्व भागात त्याच्या पावपटही नाही. तरी आमच्या घरचे वासे आजोबांच्याही आधीचे होते आणि इथली कॅरॅव्हॅन माझ्या मुलीच्या वयाची होईतो पुढून कुजली. गळणाऱ्या छपराची मला भीती वाटत नाही, गळती झाकून ठेवणाऱ्या भिंतीची वाटते.

इथे भिंतीच्या आतलं जाणून घ्यायला मीटर लावावा लागतो. दोन टोकदार काट्यांचं हातात मावणारं यंत्र असतं. काटे भिंतीत टोचले की त्या दोहोंमधल्या विद्युत रोधावरून ओलाव्याची टक्केवारी कळते. 15 पर्यंत ठीक, 20 च्या वर गेलं की लक्ष घालायचं आणि 30 च्या पुढे बहुतेक वेळा सांगाडा गेलेला असतो. लाकडातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, म्हणून या आकड्याला एवढं महत्त्व. आमच्या डागाच्या जागी काटा दाबायचीही गरज पडली नाही, तो आपल्या वजनानेच आत गेला.

भिंत उघडायला घेतली ती एप्रिलमध्ये. सोबतीला शेजारचे निवृत्त सुतार होते. त्यांचं आयुष्य इथल्याच कारखान्यांत सांगाडे जोडण्यात गेलेलं. आधी समोरची बाकं, कपाटं आणि खणांची चौकट काढली. ॲक्रिलिकची मोठी खिडकी वर उचलून तिच्या खाचेतून आडवी सरकवत बाहेर घेतली. मग कडेच्या पट्टीवरची प्लास्टिकची फीत ओढली. तिच्याखाली स्क्रूंची रांग, सगळ्यांची डोकी गंजाने लाल. वरचे स्क्रू कुरकुरत निघाले. खालचे नुसते गरागरा फिरत राहिले, कारण त्यांना धरून ठेवायला लाकूडच उरलं नव्हतं. आतली प्लायवुड सोलली तशी पाऊस पडून गेलेल्या रानातल्या भूछत्रांचा वास आला. कोपऱ्यातली उभी पट्टी मी दोन बोटांत धरली तर तिचे काळे धागे सुटून हातात आले. पॉलिस्टायरीनचा तक्ता दाबला तर कडेने पाणी निथळलं. स्टेपलच्या पिना पार विरघळून गेल्या होत्या, जिथे त्या ठोकल्या होत्या तिथे फक्त तांबूस खुणा राहिल्या होत्या. पत्र्याला आतून पांढरी भुकटी धरलेली. रात्री आत बॅटरी लावून बाहेरून बघितलं, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून प्रकाश येत होता. ओल्या लाकडाला चिकटून राहिलेलं ॲल्युमिनियम असं आतून खाल्लं जातं, बाहेरचा रंग शाबूत असताना.

दुरुस्तीतला सगळ्यात अवघड निर्णय कुठे थांबायचं हा असतो. कुजकं काढायला कुणाचा हात अडत नाही. पण काळा रंग संपतो तिथे कुजणं संपलेलं नसतं. बुरशी लाकडात पुढे पोचलेली असते आणि रंग बदलायला अजून अवकाश असतो. सुतार म्हणाले, “काळं संपलं म्हणून थांबू नकोस. पांढरं लाकूड लागलं की तिथून आणखी वीतभर पुढे काप.” त्यांनी पटाशीचं टोक पट्टीत घालून कसं उचकटायचं ते दाखवलं. चांगलं लाकूड लांब, सळसळीत ढलपी देतं, आवाज करून सुटतं. खराब लाकूड आवाज न करता तुकड्याने तुटतं. डोळ्यांवर विसंबू नये आणि मीटरवरही पूर्ण विसंबू नये, हे मी त्या आवाजावरून शिकले. आम्हाला वाटलं होतं त्याच्या दुपटीने भिंत उघडावी लागली, आणि तेवढी उघडली याचं मला समाधान आहे. निम्म्या कुजक्या पट्टीला नवी पट्टी जोडणं म्हणजे नव्या लाकडाला रोग देणं.

वाळायला आठवडे लागले. हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र आत रात्रंदिवस चालू होतं, दर सकाळी त्याची टाकी रिकामी करायची. घाई करून ओल्यावरच बंद केलं असतं तर तीच ओल पुन्हा कोंडून ठेवली असती. त्या काळात आम्ही खालच्या दर्शनी पॅनेलच्या भेगा भरल्या. तिथेही एक पथ्य आहे. काही गाड्यांचं तोंड फायबरग्लासचं असतं, काहींचं एबीएस प्लास्टिकचं. फायबरग्लासवर चालणारी पॉलिएस्टर राळ एबीएसला नीट धरत नाही. एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लगदा करायचा आणि मागून जाळीचा आधार देऊन भेगेत भरायचा. मग तो त्या प्लास्टिकशी एकजीव होतो.

नव्या पट्ट्या जुन्यांना टोकाला टोक लावून जोडत नाहीत. दोन्ही टोकं लांब उतारावर तासायची, जाडीच्या आठपट तरी उतार हवा, म्हणजे सरस धरायला भरपूर लाकूड मिळतं. पॉलियुरेथेनचा सरस, शिकंजा, एक रात्र. हे काम मला फार आवडलं. रंध्याखाली दोन उतार एकमेकांवर असे बसतात की नखाला सांधा लागत नाही, आणि आपण केलेली जोड मूळ पट्टीइतकीच बळकट आहे याची हाताला खात्री पटते.

बाहेरून पट्टी बसवताना मात्र मन कठोर करून जुनी लांबी कणभरही ठेवायची नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडायची, स्पिरिटने पुसायची. नवी लांबी ब्यूटाइलची, सलग, कोपऱ्यावर न तोडता. स्क्रू स्टेनलेसचे. एकदम करकचून आवळायचे नाहीत. लांबी दोन्ही कडांनी सारखी बाहेर येईल इतकेच, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे. आणि सिलिकॉनची नळी कुणी कितीही आग्रहाने हातात दिली तरी परत करायची. ते दिसायला सुबक दिसतं, पण सांधा हलला की एका बाजूने सुटतं आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही चिकटत नाही. आमच्या गाडीवर आधीच्या कुणीतरी बाहेरून सिलिकॉनची जाड रेघ ओढली होती. शिरलेलं पाणी त्या रेघेमागे आणखी पक्कं कोंडलं होतं.

सगळंच बुजवायचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. पुढच्या गॅसच्या कप्प्याच्या तळाला भोकं असतात. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, आणि त्या भोकांतून बाहेर पडतो. ओलीला घाबरलेली माणसं ती भोकं लांबीने बंद करतात. तसं कुणी करताना दिसलं तर ओळख नसली तरी मी थांबवीन.

एवढी खटपट करण्याजोगी या कॅरॅव्हॅनची किंमत होती का, असं बरेच जण विचारतात. वर्कशॉपचं अंदाजपत्रक गाडीच्या बाजारभावाच्या पुढे गेलं होतं. विमा अपघाताचा असतो, सावकाश शिरलेल्या पाण्याचा नसतो. मोटार जुनी झाली की दरवर्षी सरकारी तपासणीतून पास व्हावी लागते. कॅरॅव्हॅनला तसं बंधन नाही. गॅरंटी असेपर्यंत मालक नेमाने ओल मोजून घेतात, ती संपली की भिंतीला मीटर लागत नाही. म्हणून चांगली चाकं, चांगला गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, चांगली शेगडी असलेल्या गाड्या केवळ एका कोपऱ्याच्या ओलीपायी भंगारात जातात. हे मला सहन होत नाही. आता कारखानदार भिंतीतलं लाकूडच काढून पॉलियुरेथेनच्या पट्ट्या घालू लागले आहेत. त्या कुजणार नाहीत हे खरं. पण लांबीचं वय त्याने वाढत नाही, आणि न कुजणाऱ्या भिंतीतही पाणी तर शिरणारच. आतल्या पॉलिस्टायरीनला, कपाटाला, जमिनीच्या प्लायवुडला ते गाठेलच.

आतली नवी प्लायवुड लावताना सुतारांचं आणि माझं जमलं नाही. त्यांच्या मते ती पुरती चिकटवायलाच हवी, कारण या भिंतीचं बळ थर एकजीव असण्यात आहे. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मला खिडकीखालचा कपाटामागचा भाग उघडता यायला हवा होता. शेवटी वरचा भाग चिकटवला, खालचा हातभर तुकडा स्क्रूने बसवला, आणि गेलेलं बळ भरून काढायला त्याच्या आत जाड आडव्या-उभ्या पट्ट्यांची एक जादा चौकट घातली. दर मार्चमध्ये तो तुकडा काढून मी आत हात घालते, पट्टीवरून बोटं फिरवते, मग मीटर लावते आणि आकडा कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिते. पुढच्या भिंतीत सगळं 13 च्या आत आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात, न्हाणीच्या कपाटापाशी, यंदा 19 आलं. ईस्टरच्या आधी तिथली पट्टी सोडवायला घ्यायची आहे, ब्यूटाइलची गुंडाळी आणि स्क्रू आणून ठेवलेत. सुतारांनी आतापासूनच बजावलंय की या खेपेला पॅनेल चिकटवायचं, आणि मी त्यांना होकार दिलेला नाही.