चौथीच्या वर्गाच्या ग्रुपला अनावृत पत्र

प्रिय ‘इयत्ता चौथी पालक’ ग्रुप,

तुला रोज सगळे बघतात, पण तुझ्याशी कुणी बोलत नाही. गृहपाठाचा फोटो येतो, उद्याच्या सुट्टीची सूचना येते, युट्यूबवरच्या एखाद्या व्हिडिओची लिंक येते. खाली चार-दोन अंगठे उमटतात, ‘ओके मॅडम’ येतं आणि दिवस संपतो. तुझ्यात चौथीचा अख्खा वर्ग आहे, पण त्यातल्या एकाही मुलाचा आवाज नाही. हे मला खुपतं, कारण तू शिकवण्याचं चांगलं साधन होऊ शकतोस असं मी मनापासून मानतो.

तुझा जन्म अडचणीतला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपं लागली आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी, बाईंनी एकेका घराचा नंबर शोधून तुला उभं केलं. ग्रामीण भारतात २०१८ साली शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. शाळकरी मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत सप्टेंबर २०२० मध्ये तोच आकडा ६१.८ टक्क्यांवर गेलेला दिसला. तू पोचला नाहीस तिथे माणसांनी दुसरे मार्ग काढले. पालघरच्या जव्हार-मोखाडा भागात पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून ‘बोलकी शाळा’ भरली, सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. त्या दिवसांत तू जे केलंस त्याला मी नावं ठेवणार नाही. पण शाळा पुन्हा भरल्या आणि तू त्याच सवयीत राहिलास. पाठवायचं, पाठवत राहायचं.

नुसतं पाठवून किती शिकून होतं, याचं उत्तर त्याच टाळेबंदीत बोट्स्वानातल्या एका प्रयोगाने दिलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांची साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं त्यात होती. काहींना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली. काहींना तेच एसएमएस गेले आणि जोडीला शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोन. त्या फोनवर मुलाशी आणि पालकाशी बोलायचं, गणित सोडवून घ्यायचं, कुठे अडलं ते विचारायचं. नुसत्या एसएमएसचा फारसा परिणाम दिसला नाही. ज्यांना फोन गेले ती मुलं गणितात खरोखर पुढे सरकली. नंतर भारतासह पाच देशांत हीच पद्धत वापरून पाहिली आणि तिथेही ती उपयोगी ठरली. साधा फोन होता, त्याला इंटरनेटही लागत नव्हतं. कुणीतरी विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं, एवढ्यानेच फरक पडला.

ऐकण्याची सोय तुझ्यातही आहे. व्हॉट्सॲपवर आवाजातला संदेश २०१३पासून पाठवता येतो. माझ्या मते तुझ्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि शाळेसाठी तिचाच वापर सगळ्यात कमी होतो.

वाचनाचंच घे. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं प्रकट वाचन रोज ऐकणं कुठल्याच बाईंना जमत नाही. घडाघडा वाचणारी मुलं ऐकू येतात. जोडाक्षराशी अडखळणारं पोर सगळ्यांच्या सुरात ओठ हलवून निभावून नेतं. त्याने घरी धड्यातला एकच परिच्छेद वाचून मिनिटभराचा आवाज पाठवला, तर ते कुठे थांबलं, कुठलं जोडाक्षर गाळलं, पूर्णविराम ओलांडून कसं पुढे पळालं, हे सगळं बाईंना कळतं. चुकलं तर पुसून पुन्हा वाचता येतं, चारचौघांत हसं होत नाही. शिवाय तो आवाज टिकतो. जुलैतलं आणि जानेवारीतलं वाचन एकापाठोपाठ एक लावलं, की शाळेची पायरी फारशी न चढलेल्या आईलाही आपलं पोर किती पुढे आलं ते ऐकू येतं. बीडकडे दिवाळीच्या सुमारास कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल आजीपाशी राहतं. फडावरच्या त्या आईला आठवड्यातून एकदा मुलाचं वाचन ऐकायला मिळालं, तर तिचा शाळेशी धागा सहा महिने तुटणार नाही.

आता घरच्या बोलीकडे वळतो. परिसर अभ्यासाचं पुस्तक साऱ्या राज्याला एक, पण परिसर प्रत्येक गावाचा निराळा. बाईंनी प्रश्न टाकावा, ‘नळ नव्हता तेव्हा पाणी कुठून आणायचे? आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात पाठवा.’ शाळा धुळ्याकडची असेल तर तुझ्यात अहिराणी येईल, मेळघाटातली असेल तर कोरकू, भामरागडची असेल तर माडिया. गावातल्या आटलेल्या विहिरी येतील, नदीतले झिरे येतील, १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी येतील. पुस्तकातला पाण्याचा धडा मग त्या मुलाला आपल्या घरचा वाटेल. घरची भाषा शाळेत चालत नाही असं ज्याला पहिलीपासून वाटत आलंय, त्याला ती भाषा बाई कान देऊन ऐकतात हे कळेल. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच आवाजांवर बोलता येईल, लिहिता येईल. असा धडा कुठल्याही तयार व्हिडिओत मिळणार नाही. बाहेरून आलेल्या दहा लिंकांपेक्षा अशी एक आजी मला मोठी वाटते.

यात पहिली आडकाठी तुझीच आहे. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय २०१८ साली आली आणि कितीतरी शाळांनी ती उचलली. कारण समजण्यासारखं आहे. सकाळचे सुविचार, सणांच्या शुभेच्छा, राजकारणाचे फॉरवर्ड, दोन पालकांची जुंपलेली भांडणं यांत उद्याच्या परीक्षेची सूचना हरवून जाते. पण मोठ्यांच्या वागण्यापायी मुलांची तोंडं का बंद करायची? सूचनांचा ग्रुप बंद राहू दे. अभ्यासाचा वेगळा असावा आणि तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सर्वांना खुला व्हावा.

दुसरी आडकाठी बाईंच्या वेळेची आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. तीस मुलांचे मिनिट-मिनिटाचे आवाज म्हणजे अर्धा तास. तो आणायचा कुठून? बाईंच्या फोनवर केंद्राचा ग्रुप असतो, तालुक्याचा असतो. वृक्षारोपणाचे फोटो टाका, ही लिंक भरा, ती माहिती दुपारपर्यंत द्या. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामं शिक्षकांना लावू नयेत, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलेलं आहे. फोनवरून रोज मागवले जाणारे अहवाल त्या कलमाच्या हेतूला धरून नाहीत, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. मुलांचे आवाज ऐकणं हे शिकवणंच आहे. त्याला वेळापत्रकात तासिका हवी. रात्री जेवणं आटोपल्यावर बाईंनी ते करावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

फोन कुणाच्या हातात असतो, तेही लक्षात ठेव. २०२१च्या ‘असर’मध्ये स्मार्टफोन असलेल्या घरांतल्याही २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. चौथीतल्या मुलीचा तर प्रश्नच नाही. तिच्या घरातला फोन वडिलांच्या खिशात असतो आणि रात्री आठला घरी येतो. म्हणून आजचं आजच मागू नकोस, दोन-तीन दिवस दे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा आवाज मधल्या सुट्टीत शाळेच्या फोनवर घेता येतो. व्हॉट्सॲपच्या अटींनुसार तेरा वर्षांखालच्यांना स्वतःचं खातं उघडता येत नाही, तेव्हा पाठवताना शेजारी मोठं माणूस असणारच, आणि ते असलेलं चांगलं.

वाचनाचे आवाज मात्र बाईंच्या एकट्यांच्या नंबरवर जाऊ देत. सगळ्यांसमोर यायच्या त्या आजी-आजोबांच्या गोष्टी, त्याही त्यांना विचारून. चाचणीचे गुण, वही अपूर्ण असलेल्यांची नावं, फी राहिलेल्यांची यादी तुझ्यात कधीही येऊ नये. मुलाची लाज गावभर करायचा हक्क कुणालाच नाही.

एक शेवटची मागणी. बऱ्याच गावांत चौथीनंतर मुलं दुसऱ्या शाळेत जातात. जूनमध्ये तुला बंद करतील, त्याआधी पालकांची परवानगी घेऊन प्रत्येक मुलाचं वर्षातलं पहिलं आणि शेवटचं वाचन पाचवीच्या शिक्षकांकडे पोचव, म्हणजे पहिल्याच आठवड्यात कुणाजवळ बसून वाचून घ्यायचं ते त्यांना कळेल.

तुझ्यातलाच,
एक पालक