सूर्य मावळेना तेव्हा

गुलमंडीवरील एका कापड व्यापाऱ्याने विवाहाच्या चाळिसाव्या वर्षी, जून महिन्यात, सपत्नीक नॉर्वेची जलयात्रा केली. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत शिरलेला समुद्र. गेइरांगर फ्योर्डचे उभे कडे आणि ‘सात बहिणी’ हा धबधबा पाहून दोघे स्तब्ध झाले. २००५ पासून हा फ्योर्ड जागतिक वारसा यादीत आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या शेजाऱ्यांना त्या यादीचे अप्रूप ते काय!

खरा पेच बोट उत्तर ध्रुववृत्तापलीकडे गेल्यावर पडला. तेथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही आणि बाईंचा चौविहार तर अठ्ठावीस वर्षे अखंड.

“अगं, सूर्य डोक्यावर आहे, जेव की! रात्रीच्या जेवणाचेही पैसे भरलेत,” व्यापारी म्हणाले. हिशेब बिनचूक होता.

बाईंनी मनगटावरचे घड्याळ मात्र घरच्याच वेळेवर ठेवले होते. “घरी मी सातच्या आत आवरते. म्हणजे इथले साडेतीन.” त्यानंतर पाणीही बंद.

दोन दिवस व्यापारी एकटेच भोजनगृहात गेले. बटाटा नसलेला पदार्थ शोधण्यातच निम्मा वेळ जाई. तिसऱ्या दिवशी तीन वाजताच ते खाखऱ्यांचा डबा घेऊन डेकवर आले आणि पत्नीशेजारी बसले.

रात्री बाराला दोघे पुन्हा तेथेच होते. लख्ख ऊन, आणि तिच्या हाती नवकारवाळी.